काट्याला टांगलेली सॅक

सर, तुमची सॅक काल मी काट्याला टांगली. शाळेच्या त्याच व्हरांड्यात, त्याच वाशाला, कापूस मोजायच्या त्याच ताणकाट्याला. समोर सगळा गाव बसला होता, पोरं रांगेत उभी होती आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर काकू, तुमच्या घरच्या, होत्या. काटा सर्रकन खाली गेला आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तेलरंगात ओढलेल्या लाल रेघेच्या पार खाली जाऊन थांबला. आधी एक पोर खुदकन हसलं, आणि मग सगळा व्हरांडा हसला. ते हसू ऐकायला मी तीसेक वर्षं थांबले होते. ते तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला जाऊनच वीस वर्षं होत आली. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चाला, सुंठीवाचून खोकला गेला." तिचा गेला असेल. मला मात्र सुंठच पाहिजे होती.

तुम्ही भूगोल शिकवायचात आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेची पायी सहल न्यायचात. मेहकरपासून पैनगंगेच्या काठाकाठाने वर वर चालत, मुक्काम करत करत, देऊळघाटाच्या पुढे थेट तिच्या उगमापर्यंत. नदीबरोबर खाली कोणीही जाईल, तिच्या उलट जाऊन बघा ती मुळात केवढीशी आहे, असं तुम्ही म्हणायचात. मेहकरला एवढं मोठं दिसणारं पात्र शेवटच्या दिवशी एका टांगेत ओलांडता येतं, हे जाऊन आलेली पोरं सांगायची आणि आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. आमच्या गावात तेव्हा सहल म्हणजे एसटीत बसून देवाला जाणं. पाठीवर सामान घेऊन, रात्री कुठल्यातरी गावच्या शाळेत झोपून, सकाळी पुन्हा चालायला लागायचं, हे दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलंच नसतं. तेवढं श्रेय तुमचं. ते देऊन टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

सहलीच्या आधीचा आठवडा तुम्ही वर्गात भूगोल बंद ठेवून सॅक शिकवायचात. फळ्यावर खडूने मोठी सॅक काढायची, कलिंगड कापल्यासारखी मधोमध कापलेली, आणि आत काय कुठे जातं ते दाखवायचं. मऊ सामान तळाशी. जड सामान पाठीला लागून. आणि कधीही लागेल ते सगळ्यात वर, हाताशी. हे तीन नियम आम्ही पाढ्यांसारखे म्हणायचो. चौथा नियम फळ्यावर नसायचा, तो तुमच्या तोंडी असायचा: "उगाच वजन कशाला?" दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी मोडून आणा, तुम्ही सांगितलं होतंत. दोन पोरांनी घरच्या सगळ्यांचेच ब्रश मोडून ठेवले आणि मार खाल्ला. आम्हाला तेव्हा तुमचं सगळंच खरं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, पन्नाशी आली तरी माझा एक केस पांढरा नाही, तो चालण्यामुळे, आणि आम्ही माना डोलवायचो.

नववीत होते तेव्हा माझं नाव यादीत आलं. डोणगावच्या बाजारात एका दुकानात निळी सॅक टांगलेली होती. आईने ती हातात घेतली, आतबाहेर केली, शिवण ओढून पाहिली आणि परत खिळ्याला अडकवली. "हे तं मीच शिवतो," म्हणाली. आई जानेफळच्या बाजारात भाजी विकायची, पोती शिवण्यात तिचा हात बसलेला. तिने युरियाचं पांढरं पोतं उसवलं, दोनदा धुतलं, जुन्या खाटेची नवार काढून त्याचे पट्टे केले आणि दाभणाने अशी सॅक शिवली की ती अजून माझ्याकडे आहे, एकही टाका निघालेला नाही. सगळं भरून झाल्यावर तिने आणखी एक वस्तू आणली. तिच्या जुन्या लुगड्याच्या जांभळ्या काठाची नाडीवाली थैली, आणि तिच्यात मऊ सुती घड्या. मला पाळी सुरू होऊन थोडेच महिने झाले होते आणि आमच्या घरात तेव्हा तेच वापरायचे. "लागो न लागो, जवळ असू दे. परक्या गावात कोणाले मागशीन?" आई म्हणाली. मग विचारलं, "कुठं ठेवू हे?" मी तुमचा नियम सांगितला, कधीही लागेल ते सगळ्यात वर. तिने थैली सगळ्यात वर ठेवली आणि तोंड बांधलं.

निघायच्या सकाळचं मला अजून जसं दिसतं तसं लिहिते. तुम्ही सतरंजीवर उभे आहात, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. एकेकाची सॅक काट्याला लागते. काटा रेघेच्या आत राहिला तर तुम्ही पाठ थोपटता. रेघेखाली गेला तर सॅक काढून घेता, दोन्ही कान धरून उलटी करता आणि सतरंजीवर झाडता. एकाची उशी निघते. "सासुरवाडीले चालला का बे?" सगळे हसतात, मीही हसते. एकीचा आरसा निघतो. "नदीत पाहा तोंड!" पुन्हा हसू. कोणाचा तरी लाडवांचा डबा निघतो आणि तिथल्या तिथे वाटला जातो, मला अर्धा लाडू मिळतो आणि तो तोंडात असतानाच माझा नंबर येतो. माझी सॅक रेघेखाली जाते. थोडीशीच, नवारीचं वजन असेल. तुम्ही ती उलटी करता. जे सगळ्यात वर असतं ते सगळ्यात आधी पडतं, सर. थैली पडली, नाडी सुटली आणि घड्या सतरंजीवर पसरल्या. तुम्ही त्यातली एक दोन बोटांनी उचललीत, वर धरलीत आणि म्हणालात, "हे काय वं? भांडे घासाले चालली का?"

आणि मग तुम्हाला कळलं. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून मला पक्कं माहीत आहे. आधी तुमच्या बोटांना कळलं, मग तोंडाला. तेवढ्या वेळात ती घडी थैलीत घालून तुम्ही माझ्या हातात दिली असती तरी चाललं असतं. पोरांना काही समजलं नव्हतं, भांड्यांचं फडकं म्हणून ती संध्याकाळपर्यंत विसरली असती. पण पोरं हसत होती, आणि हसणाऱ्या पोरांपुढे माघार घेणं तुम्हाला जमलं नाही. तुम्ही ती घडी हवेत हलवलीत, "उगाच वजन कशाला?" म्हणालात आणि काढलेल्या सामानाच्या ढिगावर भिरकावलीत. मागोमाग बाकीच्या घड्या आणि थैली. मोठ्या वर्गातल्या पोरींनी खाली बघितलं. त्यांच्यातली एकही ढिगाकडे गेली नाही, मीही गेले नाही. शिट्टी वाजली आणि आम्ही चालायला लागलो. तो अर्धा लाडू मी शाळेच्या कुंपणाबाहेर थुंकला, एवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी जेवून उठले तर वाळूवर डाग होता. मी ओढणी फाडली. पण एक ओढणी किती पुरणार, मोठ्या पोरी पुढे निघून गेलेल्या, आणि वाटेवर मागून चालणारी सगळी पोरंच. दुपारी तुम्ही थांबलात, माझ्याकडे एकदा बघितलंत, आणि मला बाजूला घेऊन काही विचारायच्याऐवजी सहलीबरोबर आलेल्या शिपायाला हाक मारलीत. "हिले चिखलीच्या रस्त्यावर नेऊन गाडीत बसवून दे." मग सगळ्यांकडे वळून म्हणालात, "म्हणूनच म्हणतो, हे पोरींचं काम नाही." एसटीत मी सीटवर बसलेच नाही, घरापर्यंत दांड्याला धरून उभी राहिले. पुढच्या वर्षी यादी लागली तिच्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. तुम्ही होतात तोवर मुली बंदच राहिल्या. माझ्या मैत्रिणी मला म्हणायच्या, तुझ्यामुळे झालं. फेकलं तुम्ही आणि बोल लागला मला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

घरी आले तेव्हा आईने पहिलं विचारलं, "थैली कुठं हाय?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजाराची पाटी डोक्यावर घेऊनच ती शाळेत गेली, तुमच्या ढिगातून थैली आणि घड्या शोधून काढल्या, घरी आणून धुतल्या आणि समोरच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला, दोरीवर वाळत घातल्या. तेव्हा बाया त्या घड्या लुगड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवायच्या. मी रडकुंडीला आले. "आई, आत घाल ना!" ती म्हणाली, "काऊन? चोरीच्या हायेत काय? तुह्या सराच्या घरचा रस्ता इथूनच जाते. पाहू दे त्याले." तुम्ही सहलीहून परतलात त्यानंतरही कितीतरी दिवस त्या घड्या तिथेच होत्या. वाळल्या की आई त्यांच्यावर पुन्हा पाणी मारायची. काही दिवसांनी तुम्ही शाळेत मागच्या गल्लीने जायला लागलात, लांबून. रोजचं चालणं वाढलं तुमचं. आरोग्याला चांगलंच की.

पुढचं थोडक्यात सांगते. मी कमवायला लागले तेव्हा पहिल्या सुट्टीत मेहकरला उतरले आणि आईची पोत्याची सॅक पाठीला लावून एकटीने पैनगंगेच्या काठाने वर चालत गेले. उगमाशी पोचले तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. मी तुम्हाला मोठ्याने शिव्या दिल्या. गावाकडच्या, अस्सल, तोंड दुखेपर्यंत. मग तिथलं पाणी प्यायले आणि परत आले. आता बुलढाण्यात माझं दुकान आहे. सॅक, तंबू, झोपायच्या पिशव्या, काठ्या, विकते आणि भाड्यानेही देते, आणि बायकांच्या तुकड्या घेऊन सातपुड्यात, सह्याद्रीत, हिमालयात जाते. निघायच्या आधी सगळ्यांसमोर, कोणाचा नवरा-भाऊ पोचवायला आला असेल तर त्याच्याही समोर, मोठ्याने सांगते की पाळीचं सामान सगळ्यात वर ठेवा. पुरुष इकडेतिकडे बघायला लागतात. बघू दे. कोणाच्याही सॅकमध्ये मी आजवर हात घातलेला नाही. जड वाटली तर विचारते, बाई, ह्यातलं काय ठेवायचं ते तूच ठरव.

गेल्या महिन्यात तुमच्या माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. माझ्याच वर्गातला तो. त्या सकाळी सगळ्यात मोठ्याने हसला होता, आता पोट सुटलंय आणि कपाळावर गॉगल असतो. म्हणाला, "सरायच्या आठवणीची पदयात्रा हाये ना, त्याले यंदा तूच पाह्यजे. सॅका झाडाचा मान तुले." म्हणजे झाडणं अजून चालू होतं. मी विचारलं, "आता मुली असतात का?" "असतात ना. एक मॅडम बी असते संग." "त्यांच्याही सॅका झाडता?" "सगळ्यायच्याच. सरायची पद्धत हाये ते." मी म्हटलं, "माझी झाडली होती, आठवतं का?" तो विचारात पडला. "तुही? नाही बा. काय निंघालं होतं?" मी म्हटलं, "भांडी घासायची फडकी." तो मनापासून हसला. "मंग बरोबर हाये! उगाच वजन कशाले?" त्याच क्षणी मी येते म्हणाले. तो खूश होऊन गेला. जाताना एक टोपी घेतली, तीही घासाघीस करून.

काल येताना ती जांभळ्या काठाची थैली मी सॅकमध्ये घातली होती, घड्यांसकट. आईने ती मरेपर्यंत सांभाळून ठेवली होती, तिच्यानंतर मी ठेवली. बेत साधा होता. माझ्या हातात माइक आला की थैली वर धरायची आणि सगळं सांगायचं, पुढे बसलेल्या एकालाही मान वर करता येऊ नये असं. त्याआधी भाषणं झाली. तुमच्या केसांचं कौतुक झालं, साठीपर्यंत काळेभोर, नुसतं चालण्यामुळे. मग एकाने सांगितलं की शेवटच्या काही सहलींत सर सगळ्यांपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला झोपायचे आणि पोरं उठायच्या आत स्वतःचं अंथरूण नदीवर नेऊन धुऊन आणायचे, केवढी ती शिस्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत. बाजूला काचेच्या कपाटात तुमची सॅक होती, झेंडूचा हार घातलेली. सहलीला निघायच्या आदल्या दिवशी तुमची छाती दुखली आणि तुम्ही गेलात, तेव्हा भरून ठेवलेली सॅक तशीच शाळेत आली, त्यानंतर कोणी उघडलेली नाही, असंही सांगितलं.

मग मला पुढे बोलावलं. रांगेत पुढेच एक मुलगी होती, आठवी-नववीतली. बाकीच्यांच्या सॅक पाठीला होत्या, तिने तिची पोटाशी धरली होती, दोन्ही हातांनी. तिच्याकडे बघितलं आणि माझं भाषण राहिलंच. मी माइकवर म्हणाले, "आधी सरांची झाडू. आधी गुरूची, मग शिष्यांची." अध्यक्ष हडबडले. "अवं, ते कशी? ते तशीच ठेवली हाये, सर गेले तवापासून." मी म्हटलं, "म्हणूनच तर. कमी सामानात कसं जायचं हे पोरांनी सरांच्याच सॅकमधून शिकायला नको?" सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "टांग." एवढंच. कपाट उघडलं, मी हार काढून बाजूला ठेवला आणि सॅक काट्याला लावली. पुढचं मी पहिल्याच ओळींत सांगून टाकलं आहे, राहवलं नाही म्हणून. एवढ्या वर्षांत तुमची सॅक काट्यावर कधी चढलीच नव्हती, सर, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी दोन्ही कान धरून ती उलटी केली. घोंगडं पडलं, बॅटरी पडली. मग उशी पडली, छोटी, मऊ, अभ्र्यावर मोर. मी म्हटलं, "सासुरवाडीले चालले का, सर?" ज्यांना तुमची वाक्यं पाठ होती ते खुर्च्यांवर डोलायला लागले. आरसा पडला. लाडवांचा डबा पडला, आतले लाडू गोट्यांसारखे खडखडत होते. आणि मग एक काळी बाटली आणि लहानसा ब्रश. मी ती दोन बोटांत धरून वर केली, लेबल वाचलं, आणि सांगितलं की हा कलप आहे. काय हसले लोक! मघाशी केसांवर भाषण केलेले गृहस्थ तोंडाला रुमाल लावून हसत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मजा आली, सर. लाजत नाही सांगायला, फार मजा आली. मी ती बाटली हवेत हलवली आणि म्हणाले, "उगाच वजन कशाला?"

सॅक अजून रिकामी झाली नव्हती. तळाशी काहीतरी अडकलं होतं, झाडून पडेना, म्हणून मी हात आत घातला. आधी रबर लागलं, तान्ह्या बाळाखाली घालतात तसली शीट, तडकलेली. तिच्या आत घड्या होत्या. जुन्या धोतराच्या, मऊ, चौपदरी, नाडीने बांधलेल्या. आईच्या घड्यांसारख्याच. माझ्या बोटांना आधी कळलं, मग डोक्याला. लांब टोकाला झोपणं, पोरं उठायच्या आत अंथरूण धुणं. म्हणजे उतारवयात तुम्हाला रात्री आवरत नव्हतं, आणि तुम्हालाही परक्या गावात कोणाला मागायची सोय नव्हती. मला काय वाटलं ते खरं सांगते. हसू आलं. पोटातून, आनंदाने. अध्यक्षांनी मान लांब केली, "अजून काय हाये?" सगळे वाट बघत होते. दोन बोटांनी वर काढायचं, एवढंच काम होतं. कसं काढायचं, कसं धरायचं, कसं हलवायचं, सगळं तुम्ही मला शिकवलेलं होतं.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी हात जोडले नाहीत, मान हलवली नाही, नुसता पदर मुठीत आवळून धरला होता. तेव्हा लक्षात आलं की धोतर त्यांनी फाडलं होतं, घड्या त्यांनी घातल्या होत्या, परत आल्यावर धुतल्या त्यांनी होत्या. मी ते वर काढलं असतं तर तुम्ही काही लाजला नसता, तुम्ही मेलेले आहात. उद्यापासून रस्त्याने जाताना लोकांनी त्यांच्याकडे बघितलं असतं. एकाने करायचं आणि दुसरीने भोगायचं, हे मी त्या एसटीत दांड्याला धरून पाहिलेलं होतं. तुमची दया आली असं समजू नका. नाही आली. मी हात रिकामा बाहेर काढला आणि म्हणाले, "संपलं." मग म्हणाले की आजपासून कोणाची सॅक कोणी झाडायची नाही, काटा असू द्या, जास्त भरली तर ज्याची त्याने कोपऱ्यात नेऊन स्वतःच्या हाताने कमी करायची. अध्यक्ष म्हणाले, "पण सरायची पद्धत…" मी म्हटलं, "सरांची पद्धत सरांनाच जड गेली, आत्ताच बघितलंस ना?" पोटाशी सॅक धरलेल्या मुलीने ती पाठीला लावली. काट्यावर ती रेघेच्या आतच भरली.

शिट्टी वाजली, पोरं निघाली, लोक चहाकडे गेले. मी आणि काकू तुमचं सामान मुख्याध्यापकांच्या खोलीत नेऊन परत भरायला बसलो. काकूंनी दार लोटलं. "हाताले लागलं ना तुह्या?" मी हो म्हटलं. "मले वाटलं, काढतेच आता हे." मी म्हटलं, "काढणारच होते, काकू." त्या थोडा वेळ उशीच्या अभ्र्यावरची धूळ झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या अडवलं नसतं तुले. तुही माय दोरीवर टाके ना, तवा मी रोज पाहू. ह्यायले म्हटलं होतं, जा, त्या पोरीले एक शब्द बोलून या, काही झिजत नाही तुमचं. नाही गेले. मंग ह्यायच्याच अंगावर आलं, तवा धुवाले मीच." मी माझ्या सॅकमधून थैली काढली. काकूंनी जांभळ्या काठावरून बोट फिरवलं. "हेच का ते?" "हो." त्यांनी तुमच्या सॅकचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं आणि म्हणाल्या, "ठेव. उचलू दे त्यायले."

तर आता तुमची सॅक पुन्हा काचेच्या कपाटात आहे, कुलूप लावून, आणि हारही परत घातला आहे. अध्यक्ष म्हणत होते, आत एक दिवा बसवू, संध्याकाळी छान दिसेल. बसवू दे. दर दिवाळीला लोक तिला हार घालतील, पोरं वाकून नमस्कार करतील, आणि आत माझ्या आईची थैली असेल. जे तुम्हाला उगाच वजन वाटलं ते आता तुमच्या पाठीवर, कायमचं, आणि खाली ठेवायला तुम्हाला हात नाहीत. हे पत्रही आत सरकवावं असं सकाळी वाटलं होतं. किल्ली काकूंकडे असते, मागितली तर देतील. पण नको. हे माझ्या टेबलाच्या खणातच राहील.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगून टाकते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. थैली तळाशी दडपायची, घोंगड्याखाली, कोणाला कधी दिसू नये अशी, असं ठरवून मी ती हातात घेतली होती. पण सॅक भरायला लागले आणि हात आपोआप चालायला लागले. मऊ सामान तळाशी गेलं, जड पाठीला लागून गेलं, काकू एकेक वस्तू देत होत्या आणि मी लावत होते, आणि दोरी ओढून तोंड बांधलं तेव्हा बघते तर थैली सगळ्यात वर होती, हाताशी.